मिक्सरवर बसलेल्या पोराच्या कानाविषयी

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताह समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि भजनी मंडळी यांस,



मागच्या माघात गोदाकाठच्या एका गावात सप्ताहाला गेलो होतो. संध्याकाळचे कीर्तन, मंडप भरलेला. महाराजांचा आवाज कणखर, मागे पंचवीस-तीस टाळकरी, मृदंगावर तयार हात. मी शेवटच्या खांबापाशी बसलो होतो, कारण साउंड कसा लागला आहे ते तिथेच कळते. शेजारी एक आजी होत्या. कीर्तन रंगात आले असताना त्यांनी नातीला हळूच विचारले, "महाराज काळ म्हणले का टाळ?" नात म्हणाली, "मला तर माळ वाटलं."

त्या मंडपात आवाजाला काही तोटा नव्हता. छातीत धडधडेल एवढा बेस होता, डोळे मिटून घ्यावेत एवढा टाळ कानावर येत होता. हरवला होता तो 'क' आणि 'ट'. काळ, टाळ, माळ, बाळ, गाळ या शब्दांचे पहिले व्यंजन पुसले की मागे नुसते 'आळ' उरते, आणि त्या रात्री शेवटच्या चार रांगांना तेवढेच मिळाले. समितीतल्या एकाने लांबूनच "वाढव, वाढव" अशी खूण केली. मिक्सरवरच्या पोराने वाढवले. बॉक्समधून शिट्टी वाजली आणि सगळा मंडप त्याच्याकडे वळून पाहू लागला. काल्याचे कीर्तन झाल्यावर हिशेबाला बसलेल्या मंडळींनी ठरवले, की पुढच्या वर्षी मोठा साउंड सांगायचा.

हे पत्र त्या ठरावाबद्दल आहे. असे ठराव गावोगावी होतात, म्हणून ते त्या एका गावाला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे. माउली, मोठा साउंड सांगू नका. आहे तोच राहू द्या आणि त्या पोराचा कान तयार होऊ द्या.

कान तयार असणे म्हणजे काय, ते मी घरीच पाहिले. मी अंकुशनगरचा. अंबड तालुक्यात महाकाळ्याच्या शिवारात, समर्थ साखर कारखान्याभोवती वसलेली आमची वसाहत. वडील मिलवर फिटर होते. गाळप सुरू असले की रात्री-अपरात्री बोलावणे यायचे. शाळेत असताना मी एक-दोनदा त्यांच्या मागे गेलो होतो. मिल, टर्बाइन, गव्हाणीची साखळी, सगळीकडून एकच गदारोळ. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागे. त्या गदारोळात वडील लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर काढत, त्याचे टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवत आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावून डोळे मिटत. मग सांगत, याला ग्रीस नाही, याची गोळी गेली, हे बरे आहे पण खालचा बोल्ट ढिला आहे. आवाज मोठा झाला असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ते म्हणत, "आवाज पातळ झालाय," नाहीतर "जाड झालाय."

पुढे मी मंडप-साउंडवर काम केले, आता एका खोलीत भजनांची आणि कीर्तनांची रेकॉर्डिंग मिक्स करतो. इतक्या वर्षांत या धंद्यात मला त्या दोन शब्दांहून नेमके काही सापडले नाही. मिक्सरवरची बरीच बटणे आवाजाचे पातळ-जाड ठरवण्यासाठी असतात. माप मात्र आकड्यात असते. हवा सेकंदाला किती वेळा थरथरली तो आकडा म्हणजे हर्ट्झ. माणसाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत ऐकू येते, आणि वय वाढते तसे वरचे टोक आधी झिजत जाते. आकडा दुप्पट झाला की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणून इक्वलायझरवरचे, म्हणजे आवाजाचे जाड-पातळ भाग वेगवेगळे वर-खाली करणाऱ्या दांड्यांवरचे, आकडेही दुप्पट दुप्पट होत जातात: ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. मोठ्या इक्वलायझरवर एकतीस दांड्या असतात, म्हणजे एका सप्तकाचे तीन तुकडे केलेले असतात. पोरगा या एकतीस दांड्यांसमोर बसतो आणि कोणती दांडी म्हणजे कोणता आवाज, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. तो डोळ्यांना बरा दिसेल असा चढ-उतार करून ठेवतो. दोन्ही टोके वर, मधला भाग खाली. गाण्याच्या कॅसेटला ते एक वेळ चालून जाते. कीर्तनात शब्द नेमके त्या मधल्या भागात असतात आणि तेच बुडतात.

हे शिकायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. पहिली शाळा तुमच्या मंदिरात आहे. भजनाची पेटी काढा. ट्यूनिंग नीट असेल तर मध्य सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला वाजते. तिच्या शेजारची पांढरी सात ४९४ ला, म्हणजे ५०० च्या दांडीवर जवळजवळ बरोबर. मंद्रातली पांढरी सात २४७, म्हणजे २५० ची दांडी. तार सप्तकातली ९८८, म्हणजे १००० ची. पेटीला खर्जाचा सूर असेल तर त्यातली पांढरी सात १२५ च्या जवळ पडते. हे माझ्या ध्यानात आले त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत पेटीपुढून उठलो नाही. एकच पट्टी, चार सप्तके, आणि मिक्सरवरचे चार आकडे कायमचे घरचे झाले. पेटीच्या सुरात मूळ आकड्याबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट थरथरही असते, म्हणून पांढरी सात वाजवली की फक्त ५०० चीच दांडी बोलते असे नाही. पण सुरुवातीला पाय टेकायला जागा लागते, ती इथे मिळते.

शिट्टी वाजली की हीच युक्ती कामाला येते. शिट्टीचा सूर गळ्यात धरायचा आणि पेटीवर शोधायचा. तार सप्तकाच्या पांढऱ्या सातशी जुळला तर १०००, त्याच्याही एक सप्तक वर असेल तर २०००. मग सगळा आवाज खाली ओढायची गरज नाही. तेवढीच दांडी तीन-चार डेसिबल (हे आवाजाच्या जोराचे माप) खाली घ्यायची. महाराजांचा आवाज जागेवर राहतो आणि शिट्टी जाते.

पेटीच्या वरच्या आकड्यांसाठी आपली बाराखडी आहे. आत्ता हे पत्र वाचता वाचता करून पाहा. गळ्यातून आवाज न काढता, नुसते कुजबुजत म्हणा: ऊ, ओ, आ, ए, ई. गळा बंद असला तरी कुजबुज जाडाकडून पातळाकडे चढत जाते, कारण ओठ आणि जीभ तोंडातली पोकळी बदलत जातात. इक्वलायझरवर २५० वाढवले की सगळ्या आवाजाला 'ऊ'ची छटा येते, ५०० वाढवले की 'ओ'ची, १००० ला 'आ'ची, २००० ला 'ए'ची, ४००० ला 'ई'ची. त्याच्याही वर, ६००० ते ८००० च्या आसपास, 'स' बसलेला असतो. महाराज बोलतात आणि मंडप 'ऊ ऊ' म्हणतो आहे असे वाटले तर २५० जास्त आहे. सगळे डबा तोंडाला लावून बोलल्यासारखे वाटले तर ५०० ते १००० मध्ये पाहायचे. मी शिकवलेली पोरे आकडे विसरली तरी हे स्वर विसरत नाहीत.

जगात हे शास्त्र म्हणून शिकवले जाते. पोलंडमध्ये वॉर्साच्या शोपँ संगीत अकादमीने १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रकांसाठी नादरंग ओळखण्याचा अभ्यासक्रमच सुरू केला. गायकाला जसे स्वरज्ञान, तसे मिक्सरवाल्याला हे. आपल्याकडे मात्र याची परंपरा त्याहून जुनी आहे, फक्त तिला साउंडचे नाव नाही. मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली सूत सरकवतो आणि ऐकतो. पुन्हा एक कानस, पुन्हा ऐकतो. जवारी लागणे म्हणजे तारेतल्या वरच्या थरथरी उमलणे. नीट जवारी लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो मूळ षड्जाच्या पाचपट आकड्यावर असतो. तो गंधार ज्याला ऐकू आला त्याने कानाचे अर्धे शिक्षण संपवले असे मी समजतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते लाकडाइतकेच त्या कानांनाही मिळाले आहे. आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल! सरकारी नोकरी केलेला हा माणूस श्रुतींचे आकडे मोजत बसला, मिरजेला राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून ते ताडून पाहिले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण गळ्यातला स्वर आणि कागदावरचा आकडा यांची सांगड घालायला एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी बसला होता, हे आपल्या पोरांना माहीत असायला हवे.

सिनेमातही असा कान होता. मुंबईत व्ही. शांतारामांच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई मिक्सिंगला बसत. 'शोले'चे मिक्सिंग त्यांचे. सत्यजित राय कलकत्त्याहून आपले चित्रपट घेऊन त्यांच्याकडे येत.  त्या येण्यात या माणसाच्या कानाचा मोठा वाटा होता, असे मी समजतो.

आता प्रत्यक्ष रियाज. मोबाइलवर पिंक नॉईज मिळतो, पाऊस पत्र्यावर एकसारखा पडावा तसा आवाज. तो मिक्सरमधून सोडायचा. एकाने मिक्सरकडे पाठ करून बसायचे, दुसऱ्याने एकेका सप्तकावरच्या दहा दांड्यांपैकी एक पूर्ण बारा डेसिबल वर करायची. पाठ केलेल्याने आकडा सांगायचा. पहिल्या आठवड्यात दहातले तीन-चार बरोबर येतात आणि पोरगा खट्टू होतो. खट्टू होऊ नये. चूक कशी झाली ते पाहायचे. ५०० ला १००० म्हटले तर चूक शेजारची आहे, कान रस्त्यावर आहे. ५०० ला ४००० म्हटले तर पुन्हा पेटीपाशी जायचे. बारा डेसिबलला दहापैकी नऊ यायला लागले की सहा करायचे, मग तीन. त्यानंतर दांडी वर न करता खाली करून ओळखायची. हे फार अवघड आहे. वाढलेला आवाज स्वतः पुढे येऊन सांगतो, कमी झालेला गुपचूप निघून जातो. मिक्सरवाल्याचे खरे काम कमी करण्याचे असते, म्हणून या पायरीवर महिने घालवावेत. रोज वीस मिनिटे पुरेत. दोन तास एकदम बसले की कान थकतो आणि काहीही सांगू लागतो.

आणि हे सगळे हळू आवाजात. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आवाज लहान असला की कानाला बेस कमी ऐकू येतो, मोठा केला की बेस फुगतो. म्हणून मोठ्या आवाजावर लावलेला साउंड 'भरलेला' वाटतो. मोठे ते चांगले वाटणे हा कानाचा स्वभावच आहे. पोराने एखादी दांडी वाढवली आणि "आता बरे वाटते" म्हटले, तर आधी एकूण आवाज पूर्वीइतका खाली आणायला सांगा आणि मग विचारा. दहातल्या सहा वेळा तो दांडी परत खाली घेईल. हा माझ्या खोलीतला अनुभव आहे.

कीर्तनाच्या मंडपात काय होते ते जरा तपशिलाने सांगतो, कारण इथेच सगळी गफलत आहे. महाराज माईक ओठांना लावतात. अशा माईकचा गुण असा, की तोंड जितके जवळ तितका आवाजाचा जाड भाग फुगतो. त्यातच मृदंगाची कणीक लावलेली बाजू, धुमेची, घुमते आणि सगळ्या माईकमध्ये शिरते. आवाजाचा जोर खालच्या भागात असतो, अर्थ वरच्या भागात, साधारण १००० ते ४००० मध्ये, जिथे क, ट, त, प वेगळे होतात. खालचा जोर वाढला की वरचा अर्थ झाकला जातो. अशा वेळी पोरगा ट्रेबल वाढवतो. ट्रेबलमध्ये महाराज थोडेच असतात, तिथे टाळ असतात. तीस टाळांचे पितळ एकदम अंगावर येते. मग महाराज "आवाज द्या" म्हणतात, पोरगा मास्टर, म्हणजे एकूण आवाज, वाढवतो आणि शिट्टी वाजते. त्या रात्री आजींच्या बाबतीत हेच झाले.

खरे औषध लहान आहे. महाराजांच्या चॅनलचे लो-कट, म्हणजे अगदी खालचा जाड आवाज कापणारे बटण, दाबायचे. २५० ते ४०० मध्ये जिथे 'ऊ-ओ' ऐकू येईल तिथे तीन-चार डेसिबल काढायचे. टाळकऱ्यांकडे तोंड केलेला जादा माईक बंद करायचा, टाळ माईकशिवायही शेवटच्या खांबापर्यंत पोचतात. इको कीर्तनात पूर्ण बंद ठेवायचा. गजराला हवा तर द्या, पण निरूपणात एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडली की ओवी कळत नाही. मंदिराच्या स्लॅबच्या सभामंडपात तर भिंतीच इको देतात, त्यात मशीनचा कशाला घालायचा? ही चार कामे केली आणि एकूण आवाज उलट खाली घेतला तरी शेवटची रांग शब्द ऐकते. मी हे करून पाहिले आहे. पण किती काढायचे आणि कुठे काढायचे, हे दर मंडपाला, दर महाराजांच्या गळ्याला वेगळे असते. म्हणून यादी लिहून देऊन भागत नाही, कान लागतो.

त्या कानाची तुम्ही काळजी घेत नाही, ही माझी तक्रार आहे. पोराला बसवतात कुठे, तर स्टेजच्या मागे, कनातीपलीकडे, जनरेटरच्या शेजारी. त्याला बॉक्सचा आवाज पुढून ऐकूच येत नाही. फार तर एका बॉक्सच्या तोंडाशी बसवतात. अमेरिकेतील नायॉश ही संस्था कामगारांसाठी सांगते, की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. सप्ताहाचा पोरगा पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत सात दिवस बसतो, लगेच पुढच्या गावी लग्नात डीजेवर जातो. मोठ्या आवाजाने कान जातो तो आधी ४००० च्या आसपास जातो, जिथे 'ई' असते, जिथे व्यंजने असतात. मग त्याला सगळे जाड वाटते, तो पातळ वाढवत राहतो आणि मंडपातल्या लेकरांचे कान दुखतात. आमच्या मिलवर निवृत्त झालेल्या कितीतरी माणसांना सुनेचे बोलणे ऐकू येते पण कळत नाही. वडिलांनाही शेवटी तसेच झाले. ज्या कानाने त्यांनी बेअरिंगे वाचवली त्याच्यासाठी कापसाच्या बोळ्यापलीकडे कुणी काही दिले नाही, आणि त्यांनीही मागितले नाही. पंचवीस वर्षांच्या पोराचे तसे होऊ नये म्हणून मी मागतो आहे.

मागणे मोठे नाही. पोराला मंडपाच्या मध्यापासून थोडे मागे, श्रोत्यांत, टेबल-खुर्ची द्या. त्याच्यासमोर उभे राहून हातवारे करू नका. काही कमी-जास्त वाटले तर शेवटच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारून मग त्याला शांतपणे सांगा. सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी त्याला मंडप एक तास रिकामा द्या, गायनाचार्य आणि मृदंगाचार्य यांना त्या तासात बोलवा, टाळकऱ्यांतले पाच-सहा जण तरी येऊ द्या. मृदंग लावायला वादक अर्धा तास घेतो तेव्हा त्याला कुणी घाई करत नाही. साउंडलाही तेवढा मान द्या. रात्री दहानंतर साउंड बंद ठेवण्याचा नियम पाळा, त्यात पोराच्या कानालाही विसावा आहे. आणि बॉक्सच्या वाढीव जोडीला जे पैसे लागणार आहेत त्यातून त्याला कानात घालायचे चांगले प्लग द्या आणि पेटीची ट्यूनिंग करून घ्या.

जालना जिल्ह्यात कुठेही सप्ताह असला तर आदल्या दिवशीच्या त्या तासाला मी येईन. मानधन नको, येण्याजाण्याचे भाडेही नको. मी माझी पेटी आणीन. तुम्ही फक्त पोराला त्या वेळी सतरंज्या उचलायला पाठवू नका, आणि जनरेटर चालू ठेवा. त्याचा गूं गूं आवाज कोणत्या आकड्यावर आहे ते आम्हाला दोघांना मिळून शोधायचे आहे.

आपला,
एक साउंडवाला
अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना